मैदानाचा सातबारा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला सातबाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बाप-आजा पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आला असेल, बांधावरचे लिंबाचे झाड त्यानेच लावले असेल. पण तलाठ्याच्या दप्तरात नाव नसेल तर त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. खेळाच्या मैदानालाही हीच गोष्ट लागू पडते, असे मला वाटते. खेळणारे खेळून जातात, पाहणारे टाळ्या वाजवून घरी जातात, घाम मातीत मुरतो. मागे उरते ती वहीतली एक ओळ. जिथे वहीच नाही तिथे काहीच उरत नाही.

आपल्या वसतिगृहातल्या कोणत्याही मुलाला विचारून पाहा. सचिन तेंडुलकरची आंतरराष्ट्रीय शतके किती, तर शंभर. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मेस्सीने गोल किती केले, तर दोन. उत्तरे तोंडपाठ असतात. आता त्याच मुलाला विचारा, दहा वर्षांपूर्वी आपल्या महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचा कर्णधार कोण होता? तो गप्प बसेल. त्याचा यात दोष नाही. त्याला सांगणार कोण, आणि कशाच्या आधाराने?

काही मंडळी म्हणतात, आकडे हे पानटपरीवर वेळ घालवण्याचे साधन आहे. त्यांनी जरा तुर्कस्तानच्या क्लब-फुटबॉलकडे पाहावे. तिथली राष्ट्रीय लीग १९५९ साली सुरू झाली. पाच अजिंक्यपदे मिळाली की क्लबला आपल्या जर्सीवर एक तारा लावता येतो. २०२५ साली गालातासराय या क्लबने पंचविसावे अजिंक्यपद मिळवून पाचवा तारा कमावला. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी फेनेरबाहचे म्हणतो, १९५९ पूर्वीही देशपातळीवरच्या स्पर्धा होत होत्या आणि त्या आम्ही जिंकल्या होत्या. मग त्या का मोजायच्या नाहीत? बेशिकताश या तिसऱ्या क्लबने १९५७ आणि १९५८ साली जिंकलेले दोन चषक मात्र तिथल्या महासंघाने पुढे अजिंक्यपद म्हणून धरले. वर्षानुवर्षे हा वाद चालू आहे. आपल्याकडे बांधाची भांडणे पिढ्यांमागून पिढ्या चालतात, त्यातलाच प्रकार! परंतु यातून एक गोष्ट कळते. मोजणी कोठून सुरू करायची हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती इतिहास.

त्याच देशातल्या हाकान शुकुर याची कथा तर विचार करायला लावणारी आहे. तुर्की लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे २४९ गोल त्याच्या नावावर आहेत. २००२ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने अवघ्या अकराव्या सेकंदाला गोल केला. विश्वचषकाच्या इतिहासातला तो सर्वांत जलद गोल. पुढे तो खासदार झाला, सत्ताधाऱ्यांशी बिनसले, देश सोडावा लागला. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी तिथल्या सरकारी दूरदर्शनवरच्या एका समालोचकाने ओघात त्याच्या या जलद गोलाचा उल्लेख केला, तर त्या समालोचकालाच कामावरून दूर व्हावे लागले. नाव उच्चारायला बंदी, पण आकडा पुसता येत नाही! २४९ म्हटले की नाव आपोआप ओठांवर येते. नोंदीची ताकद ती हीच.

आता दूरचा देश सोडून आपल्या घराकडे येऊ. परभणी आणि फुटबॉल यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. त्याच काळात हैदराबाद सिटी पोलीस या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शिक्षक. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून त्याने आशियाई सुवर्णपदक मिळवले. मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या लोहमार्गाने एका बाजूला हैदराबाद गाठता येते, दुसऱ्या बाजूला मनमाडमार्गे मुंबई. चषक जिंकणारे गाव एका टोकाला, चषक जिथे खेळला गेला ते गाव दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या आपल्याला त्याची गंधवार्ता नाही! रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि २०००-०१ च्या हंगामानंतर तो झालाच नाही. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा क्लब २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० साली तो बंद झाला. स्पर्धा संपली, क्लब बुडाला. पण यादी आहे, म्हणून मला आज परभणीत बसून हे लिहिता येते. मी हे सामने पाहिलेले नाहीत. कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच ते माझ्यापर्यंत आले.

रोव्हर्स चषकाची जुनी यादी आणखी एक गोष्ट सांगते. सुरुवातीची कित्येक वर्षे तिच्यात गोऱ्या पलटणींचीच नावे आहेत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकला, तेव्हा कोठे ही रांग मोडली. मैदान आपल्या देशातले, माती आपली, आणि तरी जवळजवळ अर्धशतक विजेत्यांत आपण नाही. आकडे वाचायला शिकले तर ते पराक्रमाबरोबर अन्यायही दाखवतात. म्हणून ते नुसते पाठ करू नयेत, त्यांना प्रश्न विचारावेत.

महाराष्ट्रात नोंदीची जाण असलेले गाव पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिथे तालमींनी फुटबॉल दत्तक घेतला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथे घराघरांत माहीत आहेत. शाहू स्टेडियमवर सामना झाला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, पास कोणी दिला हे छापून येते. पेठेतल्या एखाद्या सामान्य घरातल्या पोराचे नाव कागदावर चढते. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नावे लिहिली जातात तिथे खेळण्याची उमेद टिकते, असे मी म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

कोल्हापूरच्याच भाऊसाहेब निंबाळकरांचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड असा रणजी सामना झाला. निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ या त्या वेळच्या विश्वविक्रमाला गाठायला केवळ नऊ धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायचे नाकारले आणि सामना सोडून दिला. विक्रम राहिला तो राहिलाच. निंबाळकरांना अधिकृत कसोटीत एकदाही खेळायला मिळाले नाही. तरीसुद्धा रणजी करंडकातली सर्वोच्च खेळी म्हणून ४४३ हा आकडा अजून उभा आहे. गुणलेखकाने प्रत्येक धाव वहीत मांडली नसती, तर आज ती एक दंतकथा झाली असती. आणि दंतकथेवर फार काळ कोणी विश्वास ठेवत नाही.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. १९८४ साली ते वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. देशाने उशीर केला ही शरमेची गोष्ट आहे. पण उशिरा का होईना, देशाला मान तुकवावी लागली, कारण हेलसिंकीच्या यादीत नाव होते.

ही मोठी माणसे झाली. ज्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत त्यांचे काय? माझी आक्का शाळेत असताना खो-खो खेळायची. खो-खोत संरक्षण करणारी खेळाडू किती वेळ टिकली ते मिनिट-सेकंदात मोजतात. एका स्पर्धेत ती साडेतीन मिनिटे टिकली होती, असे ती सांगते. तो आकडा तिने आजपर्यंत जपून ठेवला आहे. तिचे लग्न झाले, खेळ सुटला. सासरी ही गोष्ट सांगितली की लोक हसण्यावारी नेतात. मला म्हणाली, "तू कॉलेजात शिकतोस ना, मग कुठं लिहिलेलं असंल तर बघ की रे." मी त्या शाळेत गेलो. शाळेचे नाव घेत नाही. जुन्या वह्या रद्दीत गेल्या, असे कळले. ज्या मुलीने साडेतीन मिनिटे नऊ जणींना दमवले, तिचा पुरावा किलोच्या भावाने गेला!

यात नुसता मनाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पण हे सारे प्रमाणपत्र पाहून मिळते, आणि प्रमाणपत्र खरे की खोटे हे मूळ नोंदीवरून ठरते. मूळ नोंदच जागेवर नसेल तर खरा खेळाडू हेलपाटे घालून थकतो आणि बनावट कागदवाल्याचे फावते. १ मे १९९९ रोजी आपल्या जिल्ह्यातून हिंगोली वेगळी झाली. १९९४ साली आपले विद्यापीठ औरंगाबादहून नांदेडला आले. दप्तरे अशी जागा बदलतात तेव्हा खेळाच्या वह्यांची आठवण कोणाला राहते?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. खेळ हा आनंदासाठी असतो, त्याला हिशेबाच्या वहीत कोंडले की मुले जिंकण्यासाठीच खेळू लागतात, असे जाणती माणसे म्हणतात. हे खोटे नाही. शेजारच्या गड्याला पास देण्याऐवजी स्वतःच्या नावावर गोल लागावा म्हणून धडपडणारे खेळाडू आपण पाहतोच. पण यावर उपाय वही फाडणे हा नव्हे. वहीत पास देणाऱ्याचेही नाव लिहिणे हा आहे. चढाई करणाऱ्याचे गुण लिहिता, तशी पकड करणाऱ्याची नोंद घ्या. हरलेल्या संघाचीही नावे लिहा. आनंदाला नोंदीने बाध येत नाही. म्हातारपणी नातवाला दाखवायला एक ओळ असणे, हाही आनंदच आहे.

राहिला प्रश्न लिहिणार कोण हा. आपल्याकडे आजवर एक विभागणी चालत आली. अंगमेहनत एकाने करायची, लेखणी दुसऱ्याने धरायची. रानात तेच, मैदानातही तेच. माझ्यासारख्या पुष्कळ मुलामुलींच्या घरात महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदाच चढली गेली आहे. आमच्या वडिलांनी जत्रेतल्या कुस्त्या मारल्या, पण सही करायला अंगठाच होता. आता लेखणी आमच्या हातात आली आहे. तिचा उपयोग नुसता परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता करायचा काय?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या जिमखान्यात एक जाड बांधणीची नोंदवही असावी. सामन्याची तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी संघ, गुण, दोन्ही बाजूंच्या खेळाडूंची नावे आणि पंचांची सही, एवढे रकाने पुरेत. मुलींच्या संघांची पाने मुलांइतकीच असावीत. दर वर्षी या वार्षिकांकात ती नोंद जशीच्या तशी छापावी. वार्षिकांकांतून क्रीडा विभागाचा अहवाल आपण नेहमी वाचतो : "आमच्या संघाने चुरशीची लढत देऊन सर्वांची मने जिंकली." कोणाच्या संघाने? कोणाविरुद्ध? किती गुणांनी हरला? मने जिंकली हे ठीक. पण नावे कोठे आहेत?

वही आणायला फार खर्च येत नाही. ती रोज लिहायला मात्र चिकाटी लागते, आणि ती आपल्यात आहे. ज्यांनी पेरले त्यांच्या नावावर पीक लागले पाहिजे. यंदाच्या पहिल्या सामन्याला मी पेन घेऊन मैदानाच्या कडेला बसणार आहे. आणखी कोणाला यायचे असेल त्याने जरूर यावे. गुणलेखकाला नेहमी एक जोडीदार लागतो.