मालकी कुणाची, हिशेब कुणाचा?



खाणी सरकारच्या असाव्यात की भांडवलदारांच्या, हा वाद दक्षिण आफ्रिकेत १९५५ च्या स्वातंत्र्य सनदेपासून चालू आहे. जमिनीखालचं धन जनतेचं, असं ती सनद सांगते. तत्त्व रास्तच आहे. पण तेवढ्यानं भागतं का? याचं उत्तर त्याच खंडातल्या काँगोनं देऊन ठेवलं आहे.

तिथं १९६७ साली मोबुटू यांच्या राजवटीनं बेल्जियन कंपनीच्या तांब्याच्या खाणी सरकारजमा केल्या. १९८६ च्या सुमारास वर्षाला साडेचार लाख टनांवर तांबं निघत होतं. पण पैसा जाई राष्ट्रप्रमुखाच्या मर्जीनं. गबाडोलिटे या गावी त्यांचे महाल उठले, काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी झाली. खाणीच्या दुरुस्तीला मात्र पैसा नाही! १९९० साली कामोटोची खाण ढासळली. १९९४ पर्यंत उत्पादन पन्नास हजार टनांच्या आत आलं. कुंपणानंच शेत खाल्लं.

म्हणून खासगी मालकी बरी, असा अर्थ कुणी काढू नये. बेल्जियन कंपनीही नफा बाहेरच नेत होती. मुद्दा हिशेबाचा आहे. ज्याला ताळेबंद विचारता येत नाही, तो मालक कसला?

शेअरच्या दाखल्यावर आपणही कारखान्याचे मालक आहोत. तेव्हा वार्षिक सभेत अहवाल वाचल्याबिगर हात वर करू नका. उसाचा भाव तर विचाराच. पण मशिनरीच्या दुरुस्तीवर किती नि गाड्या-बंगल्यांवर किती, हेही उभं राहून विचारा. विचारणारा सभासद कारखान्याचा वैरी नव्हे, राखणदार आहे.