विद्या आणि विवेक

विद्यापीठाची पदवी मिळाली म्हणजे मनुष्य द्वेषापासून मुक्त होतो, असा आपला समज असतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. १० मे १९३३ रोजीं बर्लिन येथें भर चौकांत हजारों ग्रंथांची होळी झाली. ती पेटविणारे निरक्षर नव्हते, विद्यापीठांतील विद्यार्थी होते!

हान्स शोल हा जर्मन तरुणही प्रथम हिटलरच्या युवकसंघटनेंत उत्साहानें शिरला होता. ध्वज आणि संचलन यांची मोहिनी कोणत्या तरुण मनास पडत नाहीं? परंतु वडिलांचा त्या पक्षास विरोध असे व घरीं वाद मोकळेपणानें चालत. हळूहळू हान्सचे डोळे उघडले. पुढें म्युनिक विद्यापीठांत त्यानें बहीण सोफी व मित्र यांच्यासह ‘शुभ्र गुलाब’ या मंडळाचीं गुप्त पत्रकें वांटून अत्याचाराचा निषेध केला. २२ फेब्रुवारी १९४३ रोजीं या भावंडांचा शिरच्छेद झाला. सोफी अवघी २१ वर्षांची होती.

विवेक पदवीबरोबर मिळत नाहीं. त्याचें बीज घरीं व शाळेंतच पेरावें लागतें. विद्यार्थी मित्रहो, उद्यां कॉलेजांत कोणी “शत्रूस ठेचा, प्रश्न विचारूं नका” असें सांगूं लागला, तर प्रश्न विचारण्याची वेळ तीच होय, हें ओळखा. आणि पालकहो, मुलानें मतभेद दाखविला तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसवूं नका. जो घरीं निर्भयपणें ‘कां?’ विचारतो, तोच पुढें जमावासमोर ‘नाहीं’ म्हणूं शकेल.