कदंबाच्या झाडावरचा कन्हैया

जबलपूरच्या मराठी घरातले मूल दोन भाषांत वाढते. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आजीच्या मांडीवर मात्र मराठी. अशा घरात यमकांच्या चित्रपुस्तकाचा विषय निघाला, तर सुरुवात याच गावच्या सुभद्राकुमारी चौहान यांच्यापासून करावी.

'झाँसी की रानी' लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची राणी तर मूळची मराठी घरातली, तांब्यांची मुलगी! पण त्यांनी मुलांसाठी लिहिलेले फारसे कुणी आठवत नाही. 1904 साली अलाहाबादजवळ जन्मलेल्या सुभद्राकुमारी लग्नानंतर जबलपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना आणि त्यांचे पती लक्ष्मणसिंह यांना तुरुंगवास घडला. घरात पाच मुले. चळवळ अशी घरातच नांदत होती, म्हणून 'सभा का खेल' या त्यांच्या कवितेतली मुले राजाराणी खेळत नाहीत, गांधीजी, नेहरू आणि सरोजिनी होऊन सभा भरवतात.

'कदंब का पेड़' मात्र निव्वळ आई आणि मुलाची. यमुनेकाठी कदंब असता तर त्यावर बसून कन्हैया झालो असतो, असे मूल आईला सांगते. मग ते गुपचूप फांदीवर चढते, बासरी वाजवते, आईला हाका मारते आणि पानांआड दडते. आई आधी रागावते, मग खाऊखेळण्यांचे आमिष दाखवते. शेवटी ती झाडाखाली पदर पसरून डोळे मिटते, तेव्हा मूल हळूच उतरून पदराखाली शिरते. चित्रकाराला आणखी काय हवे? एकेका पानाला एकेक प्रसंग, आणि दर पानावर एकच प्रश्न: मूल कुठे दडले आहे?

चांगल्या चित्रपुस्तकात असेच होते. कवितेने सगळे सांगायचे नसते. पानांत दडलेला पाय चित्राने दाखवावा, ओळीने त्याचा उल्लेखही करू नये. बाजारात मिळणाऱ्या कित्येक पुस्तकांत ससा म्हटला की ससा काढलेला असतो आणि त्याच्याशी जुळायला बिचाऱ्या म्हशीला ओढून आणलेले असते. असल्या पुस्तकाला मूल दुसऱ्यांदा हात लावत नाही.

दुसरी अडचण छपाईची. रंगीत छपाई महाग, म्हणून एकच चित्रे ठेवून निरनिराळ्या भाषांतला मजकूर त्यांवर छापायची सोय प्रकाशक करतात. गद्य गोष्टीला ते चालते. कवितेत 'माँ' हा दोन मात्रांचा शब्द जाऊन चार मात्रांची 'आई' आली की चाल तिथेच अडखळते. अर्थ मराठी होतो, ताल होत नाही. चित्र तेच ठेवून कविता मराठीत नव्यानेच रचावी लागते. मुळातूनच मराठीत उमललेली यमके कशी असतात, हे विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग'मध्ये पाहावे. तेथे प्राणी यमकासाठी येत नाहीत, आपापल्या लहरीने येतात.

हे घरी करून पाहायला खर्च नाही. चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, दोऱ्याने शिवा, सोळा पानांचे पुस्तक तयार. ओळी आजीने सांगाव्यात, चित्रे मुलाने काढावीत. यमकाचा शेवटचा शब्द मुद्दाम पान उलटल्यावर लिहावा, म्हणजे मूल तो आधीच ओरडून सांगते. सांगितलेला शब्द वेगळाच पण अधिक मजेदार निघाला, तर खुशाल तोच लिहावा. मुहूर्तच हवा असेल तर 16 ऑगस्ट, सुभद्राकुमारींचा जन्मदिवस, आहेच.

15 फेब्रुवारी 1948 रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे त्रेचाळीस. त्यांच्या कवितेतली आई मात्र डोळे उघडते, तेव्हा मूल तिच्या मांडीवर असते.