पत्त्यासोबत भाषाही लिहा



केडगाव नावाची दोन गावे अनेकांना ठाऊक आहेत. एक अहिल्यानगर शहराला लागून, पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या मंदिराचे; दुसरे पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावरचे. पाकिटावर नुसते 'केडगाव' लिहिले, तर पत्र कोठे जाईल याचा नेम नाही. म्हणून आपण तालुका व जिल्हा लिहितो. संगणकाच्या प्रोग्राममध्येही नेमकी हीच अडचण येते. ती सोडविताना दुसरी अडचण कशी उभी राहते आणि तिच्यावर माझ्या मते योग्य उपाय कोणता, ते आज पाहू.

प्रोग्राम लिहिणारा माणूस कामाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, नाव देतो. यंत्राला मात्र नावाची गरज नसते; त्याला स्मृतीतील पत्ता पुरतो. पण प्रोग्राम चालता चालता मध्येच बंद पडला, की 'अमुक पत्त्यावर अडले' एवढे कळून आपल्याला काय उपयोग? म्हणून कोणत्या पत्त्यावर कोणते फंक्शन आहे, याची यादी प्रोग्रामसोबत ठेवतात. तिला चिन्हसारणी म्हणता येईल. दोष शोधण्याची साधने, म्हणजे डीबगर, ही यादी वाचतात.

आता गंमत पाहा. लिनक्सवर सी भाषेतील फंक्शनचे नाव यादीत जसेच्या तसे उतरते. सी++ मध्ये मात्र एकाच नावाची अनेक फंक्शने चालतात. म्हणून तालुका-जिल्हा जोडावा तसा कंपायलर नावात जादा मजकूर भरतो. 'नगर' या गटातील 'केडगाव' हे फंक्शन '_झेडएन5नगर7केडगावईव्ही' अशा थाटात नोंदले जाते! रोमन लिपीत नगरची अक्षरे 5 आणि केडगावची 7, हे त्यातील आकडे सांगतात. शेवटचा 'व्ही' म्हणजे या फंक्शनला बाहेरून काही द्यावे लागत नाही. हे कोडे उलगडून मूळ नाव दाखविणे हे साधनाचे काम. फोरट्रानचे कंपायलर बहुधा नावाच्या शेवटी अधोरेषा जोडतात. स्विफ्टची खूण आणखी निराळी.

खरी मेख येथेच आहे. रस्ट भाषेने आरंभी सी++ सारखीच ठेवण वापरली. त्यामुळे केवळ रूपावरून अंदाज करणारे साधन रस्टचे नाव सी++ चे समजून उलगडते आणि नावाच्या शेपटाला निरर्थक अक्षरे-आकडे लोंबत राहतात. पुढे रस्टने स्वतःची नवी पद्धत आखली. पण जुन्या पद्धतीने तयार झालेले प्रोग्राम काही नाहीसे झाले नाहीत. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी जुन्या कागदांवरचे नाव वाचता यावेच लागते, तसेच हे.

चूक नावापुरतीच राहत नाही. किमतींची रांग मांडताना सी मध्ये पहिल्या घराचा क्रमांक 0 असतो, तर फोरट्रानमध्ये सहसा 1. साधनाने भाषा चुकीची धरली, तर ते शेजारच्या घरातील किंमत दाखवील आणि शोधणारा भलत्याच जागी दोष हुडकत बसेल.

म्हणून माझे मत असे, की साधनाने अंदाज करू नये, नोंद वाचावी. ड्वार्फ नावाच्या प्रचलित नोंदपद्धतीत प्रोग्रामच्या प्रत्येक भागासोबत त्याची भाषा लिहिण्याची सोय आहेच. एकाच प्रोग्राममध्ये सी, सी++ आणि रस्टचे भाग एकत्र नांदू शकतात; तेव्हा साऱ्या प्रोग्रामला एकच भाषा लावू नये. नोंद नसेलच, तर यादीतले नाव जसेच्या तसे दाखवावे. न सुटलेले कोडे परवडले. चुकीचे उत्तर नको.

कोणी म्हणेल, सर्वांनी एकच भाषा वापरली तर ही कटकटच नको. पण कामे निराळी, म्हणून भाषा निराळ्या. आणि अनेक दशके लिहिलेले प्रोग्राम कोण पुन्हा लिहिणार?

यात आपलाही स्वार्थ आहे. 2021 पासून रस्टमध्ये फंक्शनला देवनागरीत नाव देता येते. चिन्हसारणीत उतरताना ते रोमन अक्षरांत व अंकांत बदलते. साधनाने ते नीट उलगडले, तर केडगावच्या शाळेतील मुलीला तिने स्वतः लिहिलेले 'बेरीज' हे नाव दिसेल. नाहीतर अनोळखी अक्षरांचा ढीग. आपली चूक शोधण्याची संधी तिला का नाकारावी?

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर सी++ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहा आणि 'एनएम' हे साधन चालवून त्याची यादी पाहा. तुम्ही दिलेले नाव तुम्हाला ओळखू येते का?