गाडी चढणीला दम खाते तेव्हा

मैत्रिणींनो, या खेपेला स्वयंपाकघरातून थेट गाडीकडे. कऱ्हाडच्या एका भगिनी लिहितात, "माझं माहेर चिपळूणचं. परत येताना कुंभार्ली घाटात आमची पेट्रोलची गाडी दम खाते, गचके देते. सपाटीला मात्र काही नाही. गॅरेजवाले म्हणतात, फ्युएल पंप गेला, नवा टाका. हे म्हणतात, टाकून मोकळे होऊ. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणते, आधी प्रेशर मोजून घ्या. पंप गेलाही असेल, पण नुसत्या अंदाजावर हजारो रुपये घालवायचे कशाला?

हा पंप म्हणजे आपण पेट्रोल भरायला जातो तो नव्हे हं! गाडीच्या टाकीतच, बहुधा मागच्या सीटखाली, विजेवर चालणारा एक छोटा पंप असतो. तो पेट्रोल ढकलतो, ते फिल्टरमधून गाळून इंजिनाकडे येते आणि इंजेक्टरच्या बारीक भोकांतून फवारले जाते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तीन-चार पौंड प्रेशर पुरे होई. इंजेक्शनच्या गाडीला बहुधा ४५ ते ६० पौंड लागते. टायरमध्ये आपण ३०-३३ पौंड हवा भरतो, त्यावरून कल्पना करा.

आता घाटातच का अडते? ओट्यावरचा नळ एकटा सोडला तर धार बरी असते, पण बाथरूमचाही सोडला की करंगळीएवढी होते. गच्चीवरची टाकी भरलेली असते, पाइपात गाळ असतो. सपाटीला इंजिनाला पेट्रोल थोडे लागते, चढणीला भरपूर, आणि तेवढे पोचत नाही. याला पंप थकलेला असेल, फिल्टर तुंबलेला असेल, किंवा पंपाच्या वायरचा जोड खराब होऊन त्याला पुरती वीज मिळत नसेल. लक्षण तिन्हींचे सारखेच. प्लग किंवा कॉइल बिघडली तरी गाडी असेच गचके देते.

घरी एवढे करून पाहा. सकाळी शांत वेळी किल्ली 'ऑन'पर्यंत फिरवा, गाडी सुरू करू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक घूं-घूं येऊन थांबली पाहिजे. (काही नव्या गाड्यांत हा आवाज दार उघडतानाच येऊन जातो.) आवाज नाहीच, तर आधी फ्यूज आणि रिले बघायला सांगा. आवाज आला म्हणून मात्र पंपाला पास करू नका. मिक्सर फिरतो पण वाटण होत नाही, हे आपल्याला नवे का आहे?

सकाळी गाडी फार वेळ स्टार्टर मारल्यावर सुरू होते? मग किल्ली दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, दरवेळी घूं-घूं थांबू द्या, नंतर स्टार्टर मारा. चटकन सुरू झाली तर रात्रीतून प्रेशर उतरते आहे. पंपातला व्हॉल्व्ह गळत असेल, नाहीतर एखादा इंजेक्टर ठिबकत असेल. उलट काळा धूर, पेट्रोलचा वास आणि घटलेले ॲव्हरेज दिसले, तर प्रेशर गरजेपेक्षा जास्त असू शकते. तेव्हा रेग्युलेटर तपासायचा.

पुढचे काम गॅरेजवाल्यांचे. त्यांना सरळ म्हणा, "दादा, गेज लावा आणि आकडा मला दाखवा." किल्ली ऑन केल्यावर किती, इंजिन चालू असताना किती, बंद करून दहा मिनिटांनी किती उरले, हे लिहून घ्या आणि कंपनीने तुमच्या मॉडेलला दिलेल्या आकड्याशी ताडा. कऱ्हाडच्या ताईंच्या बाबतीत एवढ्याने भागणार नाही. उभ्या गाडीत आकडा चांगला येऊन चढणीला घसरू शकतो. म्हणून ठरावीक सेकंदांत पंप किती पेट्रोल देतो आणि त्याच्यापर्यंत वीज किती पोचते, हेही मोजायला लावा.

नळी स्वतः सोडवायला मात्र जाऊ नका, यजमानांनाही जाऊ देऊ नका. दाबाखालचे पेट्रोल गरम इंजिनावर उडाले की भडकाच. बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करायची नाही. डिझेलच्या गाडीला यातले काही लावू नका, तिथले प्रेशर कित्येक पटींनी जास्त असते.

आणि ताई, टाकी सदा तळाला ठेवायची सवय असेल तर सोडा, पाव टाकी तरी असू द्या. भोवतीच्या पेट्रोलनेच तो पंप थंड राहतो. पुष्कळ गाड्यांत फिल्टर पंपाबरोबर टाकीतच असतो. तेव्हा पंप बाहेर काढतील त्या वेळी समोर उभ्या राहा, जाळीवर किती गाळ बसला आहे ते बघा, आणि नुसता फिल्टर वेगळा मिळतो का ते तिथेच विचारून घ्या.