वाङ्मयचौर्य रोखायचं, तर सुरुवात प्रकल्पवहीपासून



'वाङ्मयचौर्य' म्हटलं की वाटतं, हा विषय प्राध्यापकांचा आणि पीएचडीवाल्यांचा. प्राथमिक शाळेशी त्याचा काय संबंध? माझ्या मते संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे.

आधी नियम बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली केली. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. छापलेल्या शोधनिबंधात ४० ते ६० टक्के साम्य आढळलं, तर निबंध मागे घ्यायला लावतात, एक वार्षिक वेतनवाढ रोखतात आणि दोन वर्षं नवीन संशोधक विद्यार्थी घेता येत नाहीत. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं.

त्याच वर्षी आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहभागाने दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता चांगलं-वाईट ठरवायची जबाबदारी संस्थांवर आणि लिहिणाऱ्यांवर आली आहे. पैसे भरले की लगेच छापून देणारी नियतकालिकं आहेतच. त्यांच्यावर आयएसएसएन क्रमांक असतो. पण तो नुसता ओळखक्रमांक, दर्जाची हमी नव्हे.

सॉफ्टवेअर साम्य दाखवतं, तेही मुख्यतः शब्दांचं. कोणी इंग्रजी निबंध मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपवला, तर ते मशीनच्या नजरेतून सहज सुटू शकतं. म्हणजे शेवटी भिस्त माणसाच्या सवयीवर. आणि सवय लागते कुठे? चौथीच्या प्रकल्पवहीत!

'माझा जिल्हा' प्रकल्प दिला, की मोबाईलवरून मजकूर घ्यायचा, प्रिंट काढायची, चिकटवायची, वर चमकी लावायची. कित्येकदा हे सगळं आई-बाबाच करतात. वहीवर 'छान' असा शेरा मिळतो. मूल काय शिकलं? लिहिलं कोणी याला महत्त्व नाही, वही सुंदर दिसली की झालं.

आपल्या वेंगुर्ल्यात हे मुलांना समजवायला उदाहरण दारातच आहे. इथल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची 'वेंगुर्ला-४' ही काजूची जात 'मिदनापूर रेड' आणि 'वेतोरे-५६' यांच्या संकरातून आली, अशी तिची नोंद आहे. वेतोरे तर आपल्याच तालुक्यातलं गाव! जात नवीन, पण तिचे आई-बाप लपवलेले नाहीत. त्याने संशोधकांचं श्रेय कमी झालं का? उलट कामावरचा विश्वास वाढला. लिखाणाचंही तसंच असतं.

मग आपण काय करायचं?

• तिसरीपासून प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी 'ही माहिती मला कुठून मिळाली' हे लिहून घ्यावं. पुस्तकाचं नाव चालेल, 'आजोबांनी सांगितलं' हेही चालेल.
• एक गोष्ट मुलाने स्वतः बघून, विचारून लिहिलेली हवी. वाक्यं मोडकी असली तरी गुण त्याला जास्त द्यावेत.
• पालकांनी प्रकल्प करून देऊ नये. फक्त विचारावं, "हे तुला कोणी सांगितलं?"
• आपण शिक्षक कृतिसंशोधनाचे अहवाल लिहितो, त्यातही हाच नियम पाळावा. मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.

उद्याचे संशोधक, संपादक आणि परीक्षक आज आपल्याच वर्गात बसलेत. वेतनवाढ रोखायची पाळी येते तोवर सवय पक्की झालेली असते; चौथीत ती एका ओळीने बदलता येते. येत्या सुट्टीच्या प्रकल्पापासून ही एक ओळ सुरू करूया.