सेवा करणाऱ्यांचीही विचारपूस हवी

मातृपितृसेवेचा महिमा मराठी समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रत्यक्ष विठ्ठलाला विटेवर तिष्ठत ठेवणाऱ्या पुंडलिकाची कथा घरोघरी ठाऊक आहे. परंतु ही सेवा वर्षानुवर्षे एकट्याने करणाऱ्याची विचारपूस करण्याची रीत मात्र अद्याप रुजलेली नाही.

२०११च्या जनगणनेत देशातील साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. आयुर्मान वाढले, तसे पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश यांसारख्या दीर्घ दुखण्यांचे प्रमाणही वाढले. कुटुंबे मात्र लहान झाली. एकेकाळी जावा-नणंदा, मुले-पुतणे यांच्यात वाटली जाणारी शुश्रूषा आता बहुधा एकटी सून, लेक किंवा स्वतःच सत्तरीला टेकलेली पत्नी करते. रात्रीची जागरणे, अंथरुणातल्या माणसाला कुशीवर वळवणे, तोच प्रश्न दहादा ऐकणे. आणि कधी आवाज चढलाच, तर त्याची दिवसभर बोचणी.

हा ताण मनापुरता राहत नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजारी जोडीदाराची काळजी घेताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतील मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला.

आपल्याकडे २००७च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांच्या चरितार्थाचे दायित्व मुलांवर सोपविले, ते योग्यच झाले. कर्तव्य टाळणाऱ्याला कायदा जाब विचारू शकतो. कर्तव्य करता करता थकलेल्याला मात्र समाजानेच हात द्यावा लागतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. दोघांचाही विचार करणारी ही दृष्टी अनुकरणीय आहे.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. परगावी, परदेशी असलेल्या भावंडांनी दूरध्वनीवरून सल्ले देण्यापेक्षा खर्चाचा वाटा आणि वर्षातील काही आठवडे उचलावेत. शेजाऱ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ आजोबांपाशी बसावे. कार्यकर्त्यांनी वस्तीतील अशी घरे हेरून औषधे आणणे, बँकेची कामे, रुग्णालयातील रात्रीची सोबत वाटून घ्यावी. चारचौघांत सुनेच्या सेवाभावाचे कौतुक करणे सोपे आहे. तिला दुपारची दोन तासांची निश्चिंत झोप मिळवून देणे, ही खरी कृतज्ञता ठरेल.